वसाहतींमधील हरित जागा व आरोग्य

निवासी वस्तीच्या आत किंवा तिच्या लगत बांधकामाविना राखलेल्या, गवत, झुडपे वा वृक्ष यांनी आच्छादलेल्या आणि रहिवाशांना नित्य वापरता येतील अशा जागांना वसाहतींमधील हरित जागा असे म्हणतात. सार्वजनिक उद्याने, क्रीडांगणे, गृहसंकुलांतील मनोरंजन मैदाने, रस्त्यांच्या कडेचे वृक्षपट्टे, तलावांचे व खाड्यांचे काठ तसेच इमारतींभोवतीची बागेची जमीन यांचा त्यांत समावेश होतो. मोकळी जागा व हरित जागा या संज्ञा समानार्थी नाहीत. फरसबंदी करून वाहने उभी करण्यासाठी दिलेले आवार मोकळे असते, पण हरित नसते. उलटपक्षी खाडीकाठचे कांदळवन हरित असते, पण तेथे मुलांना खेळता वा वृद्धांना फिरता येत नाही. आरोग्याच्या दृष्टीने जागेचा हिरवेपणा, तिची घरापासूनची जवळीक आणि तिचा प्रत्यक्ष वापर या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यत्वे ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर या शहराच्या संदर्भात केला आहे. अल्पावधीत दाट वस्ती झालेल्या शहराचे ते ठळक उदाहरण आहे.

ऐतिहासिक आढावा : मोकळ्या जागेचा आरोग्याशी असलेला संबंध औद्योगिक शहरांतील रोगराईमुळे प्रथम नगरशासनांच्या लक्षात आला. लंडनच्या पूर्व भागातील मृत्यूंचे प्रमाण पाहून तेथे उद्यान करावे, अशी सूचना विल्यम फार या वैद्यकीय सांख्यिकीतज्ज्ञाने १८३९ च्या सुमारास केली. या भागासाठीचे व्हिक्टोरिया पार्क १८४५ मध्ये लोकांस खुले झाले. एबनेझर हॉवर्ड याने १८९८ मध्ये उद्याननगरीची कल्पना मांडली. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्‌भवली. कोंदट, उजेड व वारा न मिळणाऱ्या वस्त्या हे साथीच्या फैलावाचे एक कारण मानले गेले आणि १८९८ मध्ये ‘बाँबे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या दादर-माटुंगा योजनेत रुंद रस्ते, मर्यादित उंचीच्या इमारती व त्यांच्यामध्ये बागा अशी मांडणी करण्यात आली. पारशी कॉलनीतील ‘फाइव्ह गार्डन्स’ हा परिसर या नियोजनाचा आजही टिकून असलेला नमुना होय.

महाराष्ट्रातील जुन्या गावरचनेत ही गरज वेगळ्या मार्गाने भागत असे. घराचे अंगण व परसू, वडापिंपळाचा पार, गुरचरण, तळ्याचा काठ व देवराई या जागा उद्यान म्हणून निर्माण केलेल्या नव्हत्या. तथापि सावली, वावर व गाठीभेटी ही उद्यानाची तिन्ही कामे त्या करीत. गावांची शहरे होताना या जागा प्रथम नाहीशा झाल्या आणि त्यांची उणीव भरून काढण्याचे काम विकास योजनेतील आरक्षणांवर येऊन पडले.

आरोग्यावरील परिणाम : हरित जागेचा परिणाम एकाच मार्गाने होत नाही. त्याचे सामान्यतः तीन प्रकार करतात : उष्णता, धूळ व गोंगाट यांपासून संरक्षण, शरीराच्या हालचालीस व परस्परसंपर्कास उत्तेजन, आणि मनाचा शीण जाणे.

(१) उष्णता व हवा : काँक्रीट व डांबर दिवसा सूर्याची उष्णता शोषून घेतात व रात्री ती बाहेर टाकतात. त्यामुळे दाट बांधलेला भाग सभोवतालच्या प्रदेशापेक्षा उष्ण राहतो. वृक्ष दोन प्रकारे उष्णता कमी करतात : पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासाने आणि छायेने. कोकण किनाऱ्यावरील हवा मुळातच दमट असल्याने पहिल्या क्रियेचा उपयोग तेथे कोरड्या प्रदेशाइतका होत नाही. छायेचा मात्र पुरेपूर होतो. सरळ ऊन व तापलेल्या जमिनीचे प्रारण टळल्याने, हवेच्या तपमानात थोडाच फरक असला तरी शरीराला जाणवणारा ताप पुष्कळ कमी होतो. म्हणून या प्रदेशात विस्तृत हिरवळीपेक्षा पसरट पर्णसंभाराचे वृक्ष अधिक हितकारक ठरतात. पानांवर धुळीचे काही कण साचतात. परंतु झाडांमुळे हवा पूर्णतः शुद्ध होते ही समजूत बरोबर नाही. अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी दाट फांद्या एकमेकींस भिडल्या, तर वाहनांचा धूर खालीच कोंडला जाण्याचाही संभव असतो.

(२) शारीरिक हालचाल : प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. व्यायामशाळेचे शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबांना चालणे हाच सुलभ व्यायाम होय आणि त्यासाठी घराजवळ वाहनविरहित जागा लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सु. १० कोटी १० लक्ष, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४%, असल्याचा अंदाज निघाला. ग्रामीण भागापेक्षा शहरी भागात हे प्रमाण अधिक आढळले. अशा देशात चालण्याची जागा ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

(३) बालकांचे आरोग्य : बाहेरच्या उजेडात वेळ घालविल्याने लघुदृष्टिदोषाला आळा बसतो. चीनमधील ग्वांगजो येथील बारा शाळांत पहिलीच्या वर्गापासून काही मुलांना रोज ४० मिनिटे जादा वेळ मैदानावर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकी ३०.४% मुलांना, तर इतर मुलांपैकी ३९.५% मुलांना हा दोष जडल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या अंगणांत वनातील माती व वनस्पती आणून टाकल्यावर, अवघ्या २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरील सूक्ष्मजीवांची विविधता वाढली व प्रतिकारक्षमतेच्या काही निदर्शकांत बदल झाला (२०२०). डेन्मार्कमधील ९ लक्षांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून असे आढळले, की ज्यांचे बालपण सर्वांत कमी हिरवाईच्या परिसरात गेले, त्यांना पुढे मानसिक विकार होण्याचा धोका इतरांपेक्षा ५५ टक्क्यांपर्यंत अधिक होता (२०१९).

(४) मानसिक स्वास्थ्य : रॉजर उल्‌रिक या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने जोडीजोडीने पडताळल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. शिकागो येथील सार्वजनिक गृहसंकुलांच्या अभ्यासांत, ज्या इमारतींभोवती झाडे व गवत होते तेथील रहिवाशांत मानसिक थकवा व आक्रमकता कमी आढळली. या संकुलांत घरे कोणास कोठे मिळावी हे बहुतांशी प्रशासन ठरवीत असल्याने, सुखवस्तू लोक हिरव्या भागात राहावयास जातात हा आक्षेप तेथे फारसा लागू पडत नाही.

(५) वार्धक्य व सामाजिक संबंध : टोकिओमधील ३,१४४ वृद्धांच्या पाहणीत, घराजवळ चालण्याजोग्या हरित जागा असलेल्यांचे पाच वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण अधिक आढळले (२००२). एकाकीपणा हा वृद्धांच्या आरोग्यास मोठा अपाय आहे. बहुमजली इमारतींत शेजाऱ्यांची भेट जिन्यात वा उद्‌वाहकात क्षणभर होते. ओळख वाढण्यास बसण्याची जागा लागते. चाळींच्या चौकांनी पूर्वी हे काम केले.

पुराव्याचे स्वरूप : यांपैकी बहुतेक निष्कर्ष निरीक्षणात्मक आहेत. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण असते असे नाही. तथापि अलीकडे प्रयोगाचाही आधार मिळाला आहे. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंडांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडले गेले. काहींवर गवत व झाडे लावली, काहींवरील केवळ कचरा काढला आणि काही तसेच ठेवले. हिरवळ केलेल्या भूखंडांजवळच्या रहिवाशांत खिन्नता जाणवण्याचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले. केवळ साफसफाई केलेल्या ठिकाणी लक्षणीय फरक पडला नाही (२०१८). सात देशांतील ८० लक्षांहून अधिक लोकांविषयीच्या नऊ दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, घराभोवतीच्या हिरवाईच्या निर्देशांकात ०.१ ने वाढ झाल्यास मृत्यूचा धोका सु. ४ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले (२०१९). इंग्लंडमधील सु. ४ कोटी ८ लक्ष लोकांच्या नोंदींवरील २००८ च्या अभ्यासाचा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. हिरवाई अधिक असलेल्या भागांत गरीब व श्रीमंत यांच्या मृत्युमानातील तफावत कमी होती. ज्याच्यापाशी स्वतःची बाग वा सुटीत बाहेरगावी जाण्याचे साधन नाही, त्याला सार्वजनिक हरित जागेचा लाभ अधिक होतो, असे यावरून दिसते. यांतील बहुतेक अभ्यास समशीतोष्ण व संपन्न देशांतील असल्याने त्यांतील आकडे भारतीय शहरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मानके : जागतिक आरोग्य संघटनेच्या यूरोप विभागाने घरापासून ३०० मी. अंतराच्या आत, म्हणजे सु. पाच मिनिटांच्या चालीवर, किमान अर्धा ते एक हेक्टर क्षेत्राची सार्वजनिक हरित जागा असावी, असे सुचविले आहे. भारत सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौ.मी. मोकळी जागा अपेक्षिली आहे. पहिले मानक अंतरावर व दुसरे लोकसंख्येवर आधारलेले आहे. याउलट बांधकामाचे नियम भूखंडाच्या क्षेत्राशी प्रमाण जोडतात. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत गृहसंकुलाच्या आकारमानानुसार १५, २० व २५% क्षेत्र मनोरंजनासाठी ठेवणे आवश्यक होते. राज्यातील बहुतेक शहरांसाठी २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत नियमावलीत ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी हे प्रमाण १०% आहे. या पद्धतीत एक उणीव राहते. उदाहरणार्थ, चार हेक्टरांच्या भूखंडावर १०% म्हणजे ४,००० चौ.मी. जागा सुटते. तेथे चार माणसांची एक हजार कुटुंबे राहत असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास एक चौ.मी. येतो. पुनर्विकासात चटईक्षेत्र निर्देशांक वाढून कुटुंबे दुप्पट झाली, तर मैदान तेवढेच राहते, पण वाटा अर्ध्या चौ.मी.वर येतो आणि तरीही नियमाचा भंग झालेला नसतो.

मीरा-भाईंदर येथील स्थिती : मीरा-भाईंदर हे बृहन्मुंबईच्या उत्तर सीमेलगतचे शहर आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस दहिसर व पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगा यांनी ते वेढलेले आहे. मीरे, काशी, भाईंदर, नवघर, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन इ. गावांचा हा प्रदेश भातशेती, मिठागरे व मासेमारी यांसाठी ओळखला जाई. मुंबईतील घरांच्या किंमती वाढल्यावर पश्चिम रेल्वेच्या मीरा रोड व भाईंदर या स्थानकांभोवती मध्यम उत्पन्न गटासाठी शांतीनगरसारख्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. येथे १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सु. पावणेदोन लक्ष, २००१ मध्ये सु. ५.२ लक्ष व २०११ मध्ये सु. ८.०९ लक्ष होती. म्हणजे वीस वर्षांत ती साडेचार पटींहून अधिक वाढली.

शहराचे क्षेत्र सु. ७९ चौ.किमी. आहे. नकाशात पाहिल्यास त्यात हिरवाईची वाण दिसत नाही. पूर्वेकडील वने, खाडीकाठची कांदळवने व पश्चिमेकडील उत्तन-डोंगरीच्या टेकड्या यांनी बराच भाग व्यापला आहे. परंतु या मोठ्या हरित क्षेत्रांचे काम वेगळे आहे. कांदळवने भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेतात, किनाऱ्याची धूप रोखतात आणि मत्स्यबीजांस आश्रय देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ मधील आदेशांनी त्यांची तोड व त्यांच्या भोवतालच्या ५० मी. पट्ट्यातील बांधकाम प्रतिबंधित केले आहे. मिठागरांच्या खुल्या जमिनीमुळेही पुराचे पाणी पसरण्यास वाव मिळतो. या सर्वांमुळे शहराच्या आरोग्याचे अप्रत्यक्ष रक्षण होते. रहिवाशाच्या रोजच्या फेरफटक्याची, मुलांच्या खेळाची वा वृद्धांच्या बैठकीची सोय मात्र त्यांनी होत नाही. ती सोय वस्तीतील उद्याने, भाईंदर पूर्वेकडील खाडीकाठच्या जेसल पार्क चौपाटीसारखी ठिकाणे आणि गृहसंकुलांतील छोटी मैदाने यांवरच अवलंबून आहे.

सर्व लोकसंख्या मूळ क्षेत्राच्या काही भागातच एकवटल्याने प्रत्यक्ष वस्तीची घनता सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. २०११ च्या लोकसंख्येस दरडोई १० चौ.मी. जागा द्यावयाची झाल्यास सु. ८ चौ.किमी., म्हणजे शहराच्या एकूण क्षेत्राचा सु. दहावा हिस्सा, वस्तीच्या आत मोकळा ठेवावा लागेल. बांधून झालेल्या भागात एवढी जमीन नव्याने मिळणे दुरापास्त आहे. म्हणून असलेल्या जागा टिकविणे यास येथे नव्या जागा निर्माण करण्यापेक्षा अधिक महत्त्व येते. रहिवाशांपैकी पुष्कळ जण कामासाठी रोज मुंबईस जात असल्याने दिवसभर वसाहतीत प्रामुख्याने लहान मुले, गृहिणी व वृद्ध असतात. हरित जागेची सर्वाधिक गरज असलेले गट हेच होत.

जागा घटण्याची कारणे : हरित जागा एकाएकी क्वचितच जाते, ती हळूहळू घटते. आवारातील माती चिखल होते म्हणून तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसविले जातात. मग तेथे वाहने उभी राहतात. पुढे झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट येते व मुळांना पाणी-हवा न मिळाल्याने वादळी पावसात ती उन्मळून पडतात. पाणी मुरण्यास वाव न राहिल्याने सखल भागात ते तुंबते. मैदानाच्या कोपऱ्यात विद्युत् उपकेंद्र, कार्यालय वा तात्पुरता मांडव उभारला जातो व कायम होतो. कोठे मैदानास कुलूप लावून ते फक्त ठरावीक वेळी उघडतात, तर कोठे खेळण्यास मनाई असते. पुनर्विकासात मैदान वाहनतळाच्या छतावर नेण्याची पद्धत वाढली आहे. अशा छतावर मातीचा थर उथळ असल्याने मोठे वृक्ष वाढत नाहीत व पाणी भूगर्भात मुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या नियमांचा अर्थ लावताना, किमान आवश्यक मनोरंजन मैदान जमिनीच्या पातळीवरच असले पाहिजे. छतावरील जागा त्याखेरीज असू शकते, असा निर्णय दिला.

कायदेशीर तरतुदी : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत उद्याने व क्रीडांगणे यांसाठी जमिनी आरक्षित करता येतात. मीरा-भाईंदरची विकास योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. मात्र आरक्षण म्हणजे संपादन नव्हे. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक कलम १२७ अन्वये सूचना देऊ शकतो आणि विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. मोबदल्याची रोख रक्कम देणे कठीण असल्याने नगरपालिका बहुधा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन जमीन ताब्यात घेतात. त्यामुळे उद्यान मिळते, परंतु तेवढे बांधकाम शहरात अन्यत्र वाढते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना वारसा वृक्षांचा दर्जा देण्यात आला. बंगलोर येथील उद्यानाची जमीन खाजगी रुग्णालयास देण्याचा निर्णय १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला. रुग्णालय हेही आरोग्याचेच साधन आहे हा युक्तिवाद मान्य झाला नाही. नागरीकरणाच्या दुष्परिणामांपासून रहिवाशांचे रक्षण करणाऱ्या मोकळ्या जागेचे महत्त्व स्वतंत्र आहे, असे न्यायालयाने मानले.

देखभाल व दोष : हरित जागा निकृष्ट अवस्थेत असल्यास अपायही करते. टाकून दिलेल्या डब्यांत, टायरांत व बंद कारंज्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. कचऱ्यामुळे उंदीर व भटकी कुत्री येतात. काही वनस्पतींच्या परागांनी दम्याचा विकार बळावतो. अपुरा उजेड असल्यास स्त्रिया संध्याकाळनंतर तेथे जात नाहीत व जागेचा लाभ अर्ध्या लोकसंख्येपुरता मर्यादित राहतो. म्हणून पाण्याचा निचरा, दिवे, बाके, प्रसाधनगृह व पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची शास्त्रशुद्ध छाटणी या गोष्टी वृक्षारोपणाइतक्याच आवश्यक आहेत. खाडीलगतच्या क्षारयुक्त जमिनीत करंज, उंडी व भेंड हे किनाऱ्यावरील वृक्ष चांगले तग धरतात. गोड्या मातीच्या भागात वड, बकुळ, जांभूळ, ताम्हण इ. लावता येतात.

मोठे उद्यान शक्य नसलेल्या भागांत छोट्या उपायांचाही उपयोग होतो. आवारातील फरसबंदीचा काही पट्टा काढून माती खुली करणे, प्रत्येक बुंध्याभोवती आळे ठेवणे, स्थानकाकडे जाणाऱ्या पदपथांवर सलग छाया निर्माण करणे, शाळांची मैदाने सुटीच्या वेळी वस्तीस खुली करणे आणि पुनर्विकासाच्या आराखड्यात जुनी झाडे जागीच राखणे हे त्यांतील प्रमुख होत. सेसिल कोनिनेंडाइक या वनतज्ज्ञाने २०२१ मध्ये सुचविलेले सूत्रही सुलभ आहे : प्रत्येक घरातून किमान तीन झाडे दिसावीत, वस्तीचे ३०% क्षेत्र वृक्षछायेखाली असावे व ३०० मी. अंतरात उद्यान असावे. सध्याच्या दाट वसाहतींत त्यांतील दुसरी अट पुरी होणे अवघड आहे. पहिली मात्र गृहनिर्माण संस्थांच्या हाती आहे. वसाहतीतील हरित जागेचा लाभ सर्व वयांच्या रहिवाशांना पिढ्यान्‌पिढ्या मिळतो. तिच्यावर एकदा इमारत उभी राहिली म्हणजे ती परत मिळविण्याचा व्यवहार्य मार्ग सहसा उरत नाही. त्यामुळे पाणीपुरवठा व मलनिःसारण यांप्रमाणेच तिचीही गणना सार्वजनिक आरोग्याच्या मूलभूत सोयींत करणे आवश्यक ठरते.